कपाटराव जिना उलटा उतरतात

आमच्या सोसायटीची लिफ्ट निम्मं वर्ष दुरुस्तीला असते आणि उरलेलं निम्मं वर्ष दुरुस्त होऊन बंद असते. त्यामुळे मला जिना उतरावा लागतो. मी तो उलटी उतरते. तोंड वर, पाठ खाली, हात कठड्यावर, विहिरीत उतरावं तशी. परवा माझ्या नातीने, इराने, मला मधल्या मजल्यावर गाठलं.

"आजी, तू रिव्हर्स गिअरमध्ये का?"

"गुडघ्यांना बरं पडतं."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"नाही गं. कपाटरावांनी."

आता कपाटराव कोण हे सांगायचं, तर तिची आजी पंचेचाळिशीत काय चीज होती तेही सांगावं लागतं, आणि ते प्रकरण मी लहान मुलांसमोर काढत नाही. तुम्ही मोठे आहात. सोसाल.

दोन हजार साल उलटलं आणि जपानला अचानक आपल्याकडच्या संगणकवाल्यांची गरज भासू लागली. आमचे हे डोंबिवलीहून प्रोजेक्ट मॅनेजर होऊन कावासाकीला आले आणि मागोमाग मी आले. सोबत दोन कुकर, पोळपाट, गोडा मसाला आणि दहा वर्षांची मुग्धा, म्हणजे आत्ताच्या इराची आई. विमानात माझी अशी ठाम समजूत होती की आपण जपानला थोडी संस्कृती द्यायला चाललो आहोत. जपान बिचारं वाटच बघत होतं.

ह्यांच्याकडे ज्या मोठ्या कंपनीचं काम होतं, तिनेच आम्हाला जागा दिली होती. चार मजली राखाडी इमारत, लिफ्ट नाही. खालचे तीन मजले आम्हा भारतीयांचे, त्यामुळे संध्याकाळी सातला जिन्यात एका मजल्यावर सांबार आणि पुढच्या मजल्यावर फोडणीचा लसूण. आम्ही तिसऱ्यावर. चौथ्यावर एकटा तो, डॅरेल. अमेरिकेतल्या लुइझियानाचा, काळा, तिशी ओलांडलेला, आणि दारात उभा राहिला की दार दिसायचं नाही एवढा. कंपनीची स्वतःची अमेरिकन फुटबॉलची टीम होती, तिचा तो पगारी खेळाडू. जागा वाटणाऱ्या जपानी गृहस्थांनी विचार केला असणार, खेळाडू माणूस आहे, चढेल. खेळाडूच्या अंगातली सर्वांत आधी संपणारी वस्तू म्हणजे गुडघे, हे त्यांच्या नियमावलीत नसावं. डॅरेलने तक्रार केली नाही. तो कशाचीच तक्रार करत नसे.

पहिल्यांदा मी त्याला पाहिलं ते दाराची साखळी न काढता. त्या काळातल्या मला त्याच्या उंचीची भीती वाटायची, रुंदीची वाटायची, आणि खरं सांगायचं तर रंगाचीही वाटायची. डोंबिवलीहून आणलेल्या सामानात तेही होतंच. तो आमच्या दारासमोर उभा होता. त्याने मान झुकवली, घोगऱ्या आवाजात "मॅम" म्हणाला, आणि माझ्याकडे तोंड ठेवून, एक एक पायरी मागे मागे सरकत जिना उतरून गेला.

मी थक्क. देवळातून निघताना आपण देवाला पाठ दाखवत नाही, तसा हा माणूस माझ्यासमोरून गेला होता. मी ताबडतोब फोन कार्ड फोडून ताईला डोंबिवलीला फोन लावला. "अगं, इथे अमेरिकन माणूससुद्धा मला पाठ दाखवत नाही!" ताई म्हणाली, "दागिने घालून दार उघडू नकोस."

संध्याकाळी हे आले. ऐकून घेतलं, बूट काढले आणि म्हणाले, "सुलभा, त्याचे गुडघे गेलेत. तो सगळेच जिने तसा उतरतो. ऑफिसात कँटीनलाही तसाच जातो. तिथे तो तळलेल्या माशांना मान देत नसतो."

माझं देवपण एक दिवसही टिकलं नाही. सूड म्हणून मी त्याचं नाव ठेवलं कपाटराव.

त्यानंतर कचऱ्याचं प्रकरण झालं. जपानात कचरा टाकणं हा छंद नाही, परीक्षा आहे. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटलीचं झाकण वेगळं, तिचा कागद वेगळा, प्रत्येकाचा वार वेगळा. मी नापास. माझी पिशवी कचरा नेणारे लाल कागद चिकटवून तिथेच सोडून जायचे, आणि येणारे जाणारे ते वाचायचे. पुढे असं व्हायला लागलं की सकाळी लाल कागद लागायचा आणि दुपारी पिशवी गायब. मला वाटलं, सुटलो. मग एकदा मी गॅलरीतून पाहिलं, तर कपाटराव माझी पिशवी उचलून वर चाललेले.

पाचच मिनिटांत खालच्या तिन्ही मजल्यांना मी कळवलं होतं की अमेरिकन माणूस आमचा कचरा चोरतो. का चोरतो, यावर दोन मतं होती. दोन्ही इतकी मूर्ख होती की इथे देत नाही. मी मुग्धाला घेऊन वर गेले. मुग्धाला नेलं कारण ती जपानी शाळेत जात होती आणि मला आपलं वाटायचं, कुठल्याही परदेशी माणसाशी तिला बोलता येईल. बेल वाजवली. दार उघडं होतं. आत हा एवढा मोठा माणूस वर्तमानपत्र पसरून, आखूड स्टुलावर बसून, माझा कचरा निवडत होता. गहू निवडावेत तसा.

"व्हॉट इज धिस?" मी. माझं इंग्रजी डोंबिवलीत फाडफाड होतं, तिथे फक्त फाटलेलं.

तो उठायला लागला. उठणं हा त्याचा दीर्घ कार्यक्रम असे, म्हणून मीच बस म्हटलं. मग तो म्हणाला, "मॅम, एकाची पिशवी चुकली की नोटीस सगळ्या परदेशी लोकांच्या नावाने लागते. तुम्ही नव्या आहात. मी म्हटलं, तोवर मी करतो." आणि भेंडीचे कापलेले देठ माझ्यासमोर धरून, अगदी हळू आवाजात, "तुमच्याकडे ही बनवतात? माझी आजी बनवते."

चोर पकडायला गेलेली बाई भेंडीची भाजी करायचं कबूल करून खाली आली. जिन्यात मुग्धा माझ्याकडे बघून जपानीत काहीतरी म्हणाली. "मराठीत बोल!" मी ओरडले. मराठीत ती गप्प बसली.

तो जेवायला आला तेव्हा मी माझं अगाध ज्ञान बाहेर काढलं. "फुटबॉल खेळता, तर मग पळता कधी?" तो हसला. मग भाजीचा वाडगा सरकवून त्याने ताटातच खेळ मांडला. त्यांच्या फुटबॉलमध्ये पायाचं काम कमी. समोरच्यांकडे चेंडू असतो, ते तो घेऊन पुढे घुसायला बघतात. अडवणाऱ्यांची एक ओळ असते, आणि तिच्यात अगदी मधोमध हा. डिफेन्सिव्ह लाइनमन. वाकायचं, हात जमिनीला टेकवायचा, आणि चेंडू हलताच समोरून दोन जण अंगावर आले की जागचं हलायचं नाही. "ते दोघं माझ्यात अडकले, की माझ्या मागचा आमचा गडी मोकळा सुटतो. मग तो पकडतो. लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात."

"आणि चेंडू?"

"एकदा आला होता. घरंगळत. मी त्याच्यावर पडलो."

"बस?"

"बस."

मी ह्यांच्याकडे वळून म्हटलं, "म्हणजे तुमचंच काम की. कोडला हात लावायचा नाही, मध्ये उभं राहायचं." हे म्हणाले, "फरक आहे. त्याला समोरचे दोघंच ढकलतात."

त्याच्या हाताची बोटं मी तेव्हा नीट पाहिली. समोरच्याच्या कपड्यांत, हेल्मेटच्या जाळीत अडकून ती इतक्या वेळा मोडली होती की प्रत्येकाचं स्वतंत्र मत होतं. मधल्या बोटाने तो पूर्व दाखवायला गेला तर ते आग्नेयेला बघायचं. त्या बोटांनी तो पोळीचा घास मात्र असा नाजूक तोडायचा की माझ्या नवऱ्याला मी अनेकदा त्याच्याकडे बघायला सांगितलं.

"बुटका जिंकतो," असं तो नेहमी म्हणायचा. म्हणजे जो जास्त खाली वाकेल, तो वरच्याला उचलतो. उंच माणूस आयुष्यभर बुटकं व्हायला शिकला होता. ऑफिसात त्याला जपान्यांची इंग्रजी पत्रं सुधारायला बसवत. त्यात तो फक्त शेवटी 'थँक यू' घालत असे आणि बाकी पत्र आहे तसं ठेवत असे. "माणसाने कष्टाने लिहिलेलं असतं, मॅम."

मॅमचं मी काकू केलं. ऑफिसच्या सवयीने त्याने त्याला जपान्यांचं आदराचं 'सान' जोडलं. मी काकू-सान झाले, आणि ते नाव मग सगळ्या इमारतीने उचललं. मला वर वर राग आला होता.

आता माझी सल्ला द्यायची सवय. गुडघे दुखतात ना, मग वजन कमी करा, इतकं सोपं ते! मी त्याला ऐकवलं. "रात्रीचा भात बंद. सकाळी मेथीचं पाणी. पोळीला तूप नाही."

त्याने शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाला, "काकू-सान, वजन हीच माझी नोकरी आहे."

ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. हा माणूस बारीक झाला असता तर त्याला घरी पाठवलं असतं. ज्या वजनाने गुडघे खाल्ले, त्याच वजनाचा पगार होता. मग मी बाजू बदलली. मला कुठलीच गोष्ट बेताने जमत नसे. दोन कुकरपैकी एक त्याच्या नावाचा झाला. वरण-भात तो राजमा-भातासारखा ओरपायचा. त्यांच्याकडे तो राजमा-भात घरोघरी असतो म्हणे. लुइझियानात असं काही खातात हे मला आधी कोणी सांगितलं असतं, तर मी साखळी जरा लवकर काढली असती.

त्याच जेवणांच्या पंगतीत एकदा त्याची गोष्ट कळली. ह्यांनी सरळच विचारलं, "अमेरिकेत खेळत होतास, मग इकडे कसा?" प्रोजेक्ट मॅनेजरला लाज नसते.

कॉलेजातून त्याला तिकडच्या मोठ्या, व्यावसायिक टीमने घेतलं होतं. दोन हंगाम खेळला. दुसऱ्या हंगामात गुडघा फिरला. मैदानात छोटी गाडी आली, त्याला तिच्यावर आडवा घातला आणि नेला. जाताना अंगठा वर करायचा असतो, प्रेक्षकांना बरं वाटतं, म्हणून त्याने केला. घरी टीव्हीसमोर त्याची आजी बसली होती. तिनेच त्याला वाढवला होता. तिने टीव्ही बंद केला आणि त्यानंतर त्याचा एकही सामना पाहिला नाही. "पुढच्या आठवड्यात माझ्या कप्प्यातलं सामान काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून दाराशी ठेवलं होतं. कचऱ्याच्या. बूट, फोटो, दात घासायचा ब्रश, सगळं एकत्र."

"जपानात निदान वेगवेगळं तरी केलं असतं," मी म्हटलं. माझं तोंड माझ्या ताब्यात नसतंच. ह्यांनी टेबलाखालून पाय मारला. पण तो इतका हसला की खुर्ची करकरली.

मग बरीच वर्षं छोट्या गावच्या टीम, बंदिस्त मैदानातल्या टीम, युरोपातली एक टीम, असं करत तो जपानला पोचला होता. "आता एकच हवंय," तो म्हणाला. "शेवटच्या दिवशी मैदानातून चालत बाहेर यायचंय. माझ्या पायांनी. जिंकून नको, काही नको. चालत. आजीला कबूल केलंय. त्याची टेप पाठवणार आहे तिला."

मुग्धाने त्याच्या ताटात, न सांगता, भात वाढला.

गणपतीला आम्ही त्याला हिगाशी-कसाईला नेलं. टोकियोच्या त्या टोकाला आपले लोक इतके राहतात की तिथे एका हॉलमध्ये आरतीला उभं राहायला जागा नसते. कपाटरावांना गाडीत नेणं हा वेगळाच सोहळा. तो कधी बसायचा नाही, कारण दोन जागा जातील. दाराशी उभा राहायचा, आणि प्रत्येक स्टेशनावर आतल्यांना उतरता यावं म्हणून आधी स्वतः फलाटावर उतरायचा. तिथे दाराजवळचे सगळेच तसं करतात. ते सगळे मग पटकन परत चढतात. याची जागा एवढी मोठी, की तो उतरला की तिच्यात चार जण मावायचे, आणि मावलेल्यांना बाहेर काढणार कोण? दार मिटलं. आम्ही आत, तो फलाटावर, आणि त्याच्या हातात माझ्या उकडीच्या मोदकांचा डबा. काचेतून त्याने नम्रपणे मान झुकवली.

तो आला तेव्हा आरती संपली होती. बहुतेक वाटेत आणखीही कुठे कुठे उतरला असावा. डबा मात्र जसाच्या तसा. ह्यांच्या हातात दिला असता तर नुसता डबा पोचला असता. बायका त्याच्याकडे टकामका बघत होत्या. मी त्याला ओळख करून देताना "हे आमचे" म्हणाले. कोण, ते शब्द सापडेनात. तेवढ्यावरच थांबले.

त्याच वर्षी ह्यांच्या ऑफिसातले मोठे साहेब निवृत्त झाले. जपानी माणसं एरवी एकमेकांना बोटही लावत नाहीत. पण मोठा निरोप द्यायचा म्हटला की सगळे मिळून त्या माणसाला आडवा उचलतात आणि हवेत फेकतात, झेलतात, पुन्हा फेकतात. तिथे हा मोठा मान. साहेबांचा चष्मा उडाला आणि ते इतके खूश झाले की रडले. खालून झेलणाऱ्यांत कपाटराव होते. मी त्याला म्हटलं, "तुझी पाळी आली की बघू, कोण उचलतं!"

"क्रेन आणावी लागेल, काकू-सान." मग हसू थांबवून म्हणाला, "पण मला नको. मला एकदा उचलून नेलंय."

हिवाळ्याच्या तोंडाशी त्याचा शेवटचा सामना होता. कंपनीच्या डॉक्टरने आधीच बजावलं होतं, हा हंगाम शेवटचा. प्रशिक्षक म्हणाले, हा सामना खेळूच नकोस, बाकावर बस, मानाने निरोप देऊ. कपाटरावांनी वाकून आभार मानले आणि सांगितलं की बाकावरून उठून जाणं म्हणजे मैदानातून चालत जाणं नव्हे. तो खेळणार होता.

आम्ही अख्खी इमारत गेलो. थर्मास, पुऱ्या, बटाट्याची भाजी, सतरंजी. समोरचे जपानी प्रेक्षक ढोलाच्या तालावर एकसुरात ओरडत होते, आमच्यातला प्रत्येक जण वेगळं काहीतरी ओरडत होता. टेपचं काम माझ्याकडे होतं. ह्यांनी आठवडाभर मला व्हिडिओ कॅमेरा शिकवला होता आणि मी "कळलं हो" म्हणून ऐकलं नव्हतं.

खेळ मला तेव्हाही कळला नाही. मी फक्त मधला माणूस बघत होते. चेंडू हलायचा, दोन जण त्याच्यावर आदळायचे, ढीग पडायचा, आणि ढिगातून सगळ्यांत शेवटी तो उठायचा. प्रत्येक वेळी उठायला जरा जास्त वेळ. कोणी त्याच्यासाठी टाळ्या वाजवत नव्हतं. आम्ही वाजवायचो, तर पुढच्या रांगेतले लोक मागे वळून बघायचे की नक्की झालं काय.

खेळ संपत आला असताना ढीग उठला आणि तो उठला नाही.

ढोल थांबला. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन धावली. मी कॅमेरा कुठे धरला होता देव जाणे. पुरी माझ्या हातातच चुरली. तो उताणा पडला होता, छाती वरखाली होत होती. स्ट्रेचर शेजारी टेकलं. त्याने हाताने ते बाजूला सारलं. त्या वाकड्या बोटांनी, अगदी सावकाश, ताटातला नको असलेला पदार्थ सारावा तसं. मग तो कुशीवर झाला. मग गुडघ्यावर. मग बराच वेळ काहीच नाही. मग उभा.

"गाढवा, ये आता बाहेर!" मी पुटपुटले. तो बाहेर नाही आला. खेळ संपेपर्यंत तिथेच उभा राहिला, वाकला, ढकलला गेला, उठला.

टीम हरली. हे सांगायचं राहून जातं नेहमी.

मग तिथल्या रीतीप्रमाणे दोन्ही टीम ओळीने उभ्या राहून प्रेक्षकांना वाकल्या. आणि कपाटराव बाहेरच्या बाजूला पहिलं पाऊल टाकणार, तोच त्याची सगळी टीम आरडाओरडा करत त्याच्यावर धावली. त्याला हवेत फेकायला! कॅप्टन मोरिता-सान सर्वांत पुढे. तो दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होता. पण जपानात असा मान मिळताना आधी नको म्हणायचंच असतं. तसं न म्हणणाऱ्याला आगाऊ समजतात. त्यामुळे तो जितका नको म्हणेल, तितका त्यांचा उत्साह वाढत होता. कोणी पायाला धरलं, कोणी कमरेला. वर्षानुवर्षं ज्याची वाट बघितली ते पाऊल असं प्रेमाने हिरावून घेतलं जात होतं.

तेव्हा त्याने जे केलं, ते मी अजून विसरले नाही. तो खाली वाकला. हात जमिनीला टेकवला. आयुष्यभर ज्याचा पगार घेतला, तेवढंच केलं. जागचा हलला नाही. अख्खी टीम त्याला उचलत होती आणि तो उचलला जात नव्हता. प्रेक्षक हसायला लागले. आमच्यातलेही हसले. मला त्याचा चेहरा दिसला. त्याला हसू येत नव्हतं.

मी मुग्धाचा दंड धरला. "ओरड! सांग त्यांना, चालू द्या म्हणावं त्याला!"

"मराठीत?" कार्टी म्हणाली.

"अगं जपानीत ओरड, जपानीत!"

मुग्धा सतरंजीवर उभी राहिली आणि पोटातून ओरडली. "आरुकासेते आगेते!" त्याला चालू द्या. पोरीचा आवाज त्या शांत झालेल्या मैदानात खणखणीत गेला. मी मागून मराठीत साथ देत होते, "अरे सोडा त्याला! मेल्यांनो, सोडा!" मोरिता-सानने वर पाहिलं. मग खाली वाकून डॅरेलच्या तोंडाकडे पाहिलं, आणि एकदम हात मागे घेतले. काहीतरी भराभर बोलला. सगळे बाजूला झाले. आपोआप दोन रांगा झाल्या.

तो उठला. पहिलं पाऊल टाकलं. दुसरं ओढलं. दोन रांगांमधून, एकेकाला मान झुकवत, लंगडत, तो मैदानाच्या पांढऱ्या रेघेपर्यंत आला, आणि रेघ ओलांडून बाहेर गेला. कोणाच्या खांद्याला हात न लावता.

माझ्या हातात कॅमेरा नव्हता. तो ह्यांच्या हातात होता. मी सतरंजीवर ओरडत नाचायला लागले तेव्हा ह्यांनी तो काढून घेतला होता आणि पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत सगळं टिपलं होतं. ह्यांच्या कारकिर्दीत वेळेवर झालेली ती एकमेव डिलिव्हरी.

टेप लुइझियानाला गेली. थोड्या दिवसांनी कपाटराव आमच्या दाराशी आले. आजीने बंद केलेला टीव्ही त्या टेपसाठी लावला होता. पूर्ण पाहिली. पुन्हा मागे घेऊन पाहिली. मग फोन करून म्हणाली, "चाललास बघ," आणि मग, "ती मागून ओरडणारी बाई कोण रे? आमच्या चर्चला असा आवाज हवाय."

नववर्षानंतर तो गेला. गावच्या शाळेत मुलांना खेळ शिकवायला. निघायच्या दिवशी सगळी इमारत जिन्यात उभी होती आणि सगळ्यांना त्याचं सामान उचलायचं होतं. एक बॅग ह्यांनी उचलली आणि दुसऱ्या मजल्यावर पाण्यासाठी थांबले. काळी पिशवी एकही नव्हती. कचरा त्याने आदल्या दिवशीच वाराप्रमाणे काढून टाकला होता.

मी दारात उभी होते. भेंडी सुकवून पुरचुंडी केली होती, आजीसाठी. त्याने ती कोटाच्या आतल्या खिशात घातली. मी त्याला शिकवून ठेवलं होतं, आमच्यात निघताना जातो म्हणत नाहीत. तो आमच्या दारासमोर उभा राहिला, जेमतेम मावला, आणि मराठीत म्हणाला, "येतो, काकू-सान."

"या," मी म्हटलं. आणखी एक शब्द बोलले असते तर मुग्धासमोर रडले असते.

मग त्याने कठडा धरला आणि माझ्याकडे तोंड ठेवून एक एक पायरी मागे उतरू लागला. एरवी तो पायाकडे बघायचा. त्या दिवशी पायाकडे बघितलं नाही. खांदे बुडाले, मग हनुवटी, मग कपाळ. शेवटी कठड्यावर नुसता त्याचा हात दिसत होता, मधलं बोट भलतीकडेच बघणारं. मग तोही खाली गेला.

आमचे हे अजूनही म्हणतात, गुडघे होते ते, सुलभा. म्हणू देत.